मधलीचा पहारा

दुपारच्या जेवणासाठी वखारीतलं काम थांबलं आणि काकांनी घसा साफ केला.

काकांनी घसा साफ केला की घरातलं कुणी ना कुणी पिसं आवरून बसायचं. पुढचं बोलणं कुणाच्या तरी अंगावर येणार हे ठरलेलं. आज ते कुणाच्या अंगावर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिच्या अंगावर येणार होतं ती धाकटी मात्र ओंडक्यांच्या राशीवर, रांगेच्या पार टोकाला, अर्धी बाहेर वाकून सगळ्यांच्या तोंडाकडे टकामका बघत बसली होती.

"नीट बस गं," आईनं तिला पंखानं आत ढकललं. "रांग सोडून कुणी असं बसतं का?"

धाकटी आत सरकली, आणि आईची मान वळताच पुन्हा बाहेर वाकली.

माणसं या पाखरांना सातभाई म्हणतात. त्या दुपारी घरात मोजून सहा जण होते आणि त्यातल्या चौघी बाया होत्या, पण माणसांच्या मोजणीला कोण काय करणार? दिसायला मळकट तपकिरी, डोळे पिवळट, आणि सतत भांडत असल्यासारखा आवाज. यांचं प्रेमानं चाललेलं बोलणंसुद्धा लांबून भांडणच वाटतं. खरं भांडण असलं की मात्र सगळे हळू बोलतात. आज सगळे हळू बोलत होते.

मधली हे सगळं वरून बघत होती. वखारीच्या कोपऱ्यात एक निलगिरी आहे. तिचा वाळका शेंडा ही या घराची पहाऱ्याची जागा. तिथं बसणारानं चोच मिटून, घशातल्या घशात गुणगुणत राहायचं. ती गुणगुण कानावर येते तोवर खालच्यांनी मान खाली घालून खुशाल किडे वेचावेत. थांबली, की का आणि कुठे असलं काही न विचारता झुडपात शिरावं. पहारा करणारानं ओरडायचं नाही, उडायचं नाही. गप्प होऊन जागच्या जागी बसायचं, म्हणजे शिकार करणाऱ्याला सुगावा लागत नाही. बाबांना शिक्र्यानं उचललं त्या दिवशी शेंड्यावर कुणी नव्हतं. तेव्हापासून या घरात एक वेळ खाणं चुकेल, पहारा चुकत नाही.

एवढी वर्षं पहारा आत्याकडे होता. तिचा डावा डोळा धुरकट झाला आणि गेल्या महिन्यात तिनं शेंडा मधलीला दिला. दादा चार दिवस कुणाशी बोलला नाही. मोठा तो, छाती त्याची, आणि मान मिळाला मधलीला! पण मधलीला मधली असण्याचं काय मिळालं होतं आजवर? दादा पहिला म्हणून त्याचं कौतुक, धाकटी शेवटची म्हणून तिचे लाड. मधे जे उरेल ते मधलीचं, आणि मधे फारसं काही उरत नसे. शेंडा ही तिच्या एकटीची अशी पहिली वस्तू होती. म्हणूनच परवाचा प्रकार तिला इतका झोंबला होता.

"परवाचं मांजर सगळ्यांना आठवतंय ना?" काकांनी सुरुवात केली.

"तुमच्या शेपटीकडे बघितलं की आठवतं," दादा म्हणाला. काकांच्या शेपटीतली तीन पिसं त्या मांजरानं नेली होती.

"तू हसू नकोस. गुणगुण थांबली. आम्ही चौघं घाणेरीच्या झुडपात चिडीचूप. मांजर हुंगतंय, शोधतंय, कंटाळून परत फिरतंय. आणि ही बया सगळ्यात शेवटी येते आणि झुडपाच्या तोंडाशी उभी राहून विचारते, 'काय झालं? मांजर आलंय का?' तेही अख्ख्या वखारीला ऐकू जाईल अशा आवाजात!"

"लहान आहे हो भावजी," आई म्हणाली.

"लहान म्हणजे किती, वहिनी? हिच्या बरोबरीची पोरं तिकडे बागेत पहारा करायला लागली. मागून हाक मारा, वळत नाही. समजावून सांगा, तोंडाकडे बघत बसते. खायला बसली की दोन किडे टिपते आणि लगेच मान वर. असं खाल्ल्यावर अंगाला काय लागणार?"

"तू अंड्यातून बाहेर यायला दोन दिवस उशीर केला होतास," आत्यानं मधेच तोंड घातलं. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. तिला काकांचं सगळं माहीत होतं, आणि तेच काकांचं दुखणं होतं. "सगळे म्हणाले, हे अंडं काही उबत नाही, ढकला खाली. आपल्या आईनं ऐकलं का कुणाचं?"

"ताई, विषय काय चाललाय!"

"उशिरा येणाऱ्यांचाच चाललाय ना?"

दादा खुसखुसला. काकांनी पुन्हा घसा साफ केला. "रस्त्यापलीकडच्या बागेत माझी ओळख आहे. तिथली टोळी मोठी, चांगली चौदा जणांची. त्यांच्यात एक बेशिस्त पोर खपून जाईल. आपल्यात नाही खपत. उद्या सकाळी मी तिला नेऊन सोडतो. बोलून ठेवलंय."

"बोलूनसुद्धा ठेवलंत?" आईचा आवाज चिरकला. "मला न विचारता? माझ्या लेकीचं?" तिनं दादाकडे बघितलं. दादानं पाय चाचपायला घेतला. धाकटी गेली तर खाण्यात एक वाटेकरी कमी होणार होता, आणि तेवढं गणित त्यालाही येत होतं. आईनं मग वर निलगिरीकडे बघितलं. "मधलीला विचारलंत? पहारा तिचा आहे. तिचं काय म्हणणं आहे?"

"तिचंच तर म्हणणं आहे. काल संध्याकाळी नळावर तीच मला म्हणाली, की एक तर धाकटी राहील, नाहीतर मी."

सगळ्या माना वर झाल्या. मधली शेंड्यावर घट्ट बसून राहिली. तिला खाली ओरडून सांगावंसं वाटलं, की मी रागात होते, काका, हिला बागेत सोडा असं नव्हते म्हणाले. पण बोलायचं तर गुणगुण थांबवावी लागणार, आणि थांबवली तर सगळे झुडपात जाणार. शिवाय तिनं ते म्हटलं होतंच की. अगदी त्याच शब्दांत म्हटलं होतं. आई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होती, आणि मधलीला त्या नजरेची लाज वाटली. पाच जण वर बघत होते, त्यात धाकटीही होती.

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत शेडमध्ये आला आणि त्यानं करवत चालू केली.

जुनी करवत कुरकुरी होती. कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली, असं तिचं चालायचं आणि तिच्या फटीतून गुणगुण ऐकू यायची. पण आज सकाळीच चार माणसांनी मिळून नवी करवत बसवली होती. मोठ्या दातांची, रुंद पट्ट्याची. तिनं पहिल्या ओंडक्यात दात घातले आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. खालचे सगळे क्षणात झुडपात! गुणगुण ऐकू येईना म्हणजे थांबली, दुसरा अर्थ त्यांना माहीतच नव्हता.

मधली वर गुणगुणतच होती. थोड्या वेळानं झुडपातून काकांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी वर बघितलं, चारी बाजूंना बघितलं आणि ओशाळून बाहेर पडले.

"अरे, ती बसलीय की वर!" ते बाकीच्यांच्या कानाशी ओरडले. "या यंत्राचा आवाज आहे नुसता. ती दिसतेय तोवर समजायचं सगळं ठीक आहे. या बाहेर!"

ते बोलणं कुणालाही पटलं असतं. शिवाय समोर अंगणात चिरलेला ओंडका दुभंगून पडला होता. आतून पोखरलेला, आणि त्या पोकळीत पांढऱ्या गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या. असं खाणं महिन्यात दिसलं नव्हतं. बैठक जागच्या जागी मोडली. काका, आई, आत्या, तिघांच्या माना खाली गेल्या. दादा तर अंगणाच्या मधोमध, वर आडोसा नाही, आजूबाजूला झुडूप नाही, अशा जागी ओंडक्यात डोकं खुपसून उभा राहिला. धाकटी भुशाच्या ढिगाजवळ होती. एक अळी टिपायची आणि मान वर करायची. दुसरी टिपायची आणि मान वर.

खा ना गं नीट, मधलीच्या मनात आलं. उद्या तिकडे कोण तुला अळ्या देणार आहे?

आणि त्याच वेळी तिला शिक्रा दिसला.

तो उंचावरून येत नव्हता. शेडच्या पत्र्याला जवळजवळ पोट घासत, खालच्या खाली येत होता. राखाडी पंख, आणि नजर थेट अंगणाच्या मधोमध. मधलीनं गुणगुण थांबवली. शिकवल्याप्रमाणे चोच घट्ट मिटून जागच्या जागी बसली.

खाली कुणी हललं नाही.

थांबलेय मी, तिनं मनात म्हटलं. थांबलेय ना! दादा पुढची अळी ओढत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं. खालच्यांना ती दिसत होती. जशी गुणगुणताना दिसत होती तशीच, तिथंच, हुबेहूब. घराण्याचा नियम बाजूला ठेवून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि तिचं ओरडणं करवतीनं गिळून टाकलं.

भुशाच्या ढिगाजवळून एक तपकिरी गोळा सुटला. धाकटी उडालीसुद्धा नाही, धावतच सुटली. तोंडानं काहीतरी किंचाळत ती दादावर जाऊन आदळली. दादा तिच्या दीडपट. पण डोकं ओंडक्यात आणि तोल पुढे, त्यामुळे तो गडगडत ओंडक्याखाली गेला. शिक्र्याच्या नख्या भुशात रुतल्या. भुशाचा एवढा मोठा लोट उडाला, की मिस्त्रीनंही वळून बघितलं. शिक्रा रिकाम्या पायांनी पत्र्यावरून निघून गेला. तोवर सगळे झुडपात पोचले होते.

मधली सगळ्यात शेवटी पोचली.

ओंडका फिरवायला करवत थांबली आणि झुडपातलं बोलणं एकदम ऐकू यायला लागलं.

"वेडी आहेस का?" दादा धाकटीवर ओरडत होता. "बरगडी मोडली माझी!"

"बरगडी शिल्लक आहे म्हणून मोडली," आत्या म्हणाली. "शिक्रा होता, शहाण्या. माझ्या अर्ध्या डोळ्यालासुद्धा दिसला."



"मधले," काका वळले, "तू थांबली का नाहीस?"

"थांबले होते काका! शप्पथ. ओरडलेसुद्धा. कुणालाच ऐकू गेलं नाही."

"मग हिला कसं गेलं?"

"हिला?" दादा सवयीनं म्हणाला. "हिला कधी काय ऐकू येतं?"

तो बोलून गेला आणि पाय चाचपायला लागला. पण मधली तशीच थांबली. मागून मारलेल्या हाका तिला आठवल्या, आणि झुडपाच्या तोंडाशी उभं राहून विचारलेला तो प्रश्न. तो आवाज एवढा मोठा का होता? धाकटी दादाच्या तोंडाकडे बघत होती, मधलीकडे तिची पाठ होती. मधली एक फांदी पुढे सरकली, अगदी तिच्या शेपटीमागे.

"धाकटे," ती हळूच म्हणाली.

काही नाही.

"धाकटे!" जरा मोठ्यानं.

काही नाही. मधलीनं मान आणखी पुढे केली. "धाकटे, तुझ्या पायाशी साप आहे."

काका टुणकन वरच्या फांदीवर गेले. आईनं पाय वर घेतले, आत्या धुरकट डोळ्यानं खाली चाचपडायला लागली, दादानं तर पुन्हा बरगडी आपटून घेतली. एकटी धाकटी शांत बसली होती, आणि सगळे एकाएकी का नाचायला लागले म्हणून तोंड वासून बघत होती.

"कुठंय साप?" काका वरून ओरडले.

"नाहीये," मधली म्हणाली. "साप नाहीये काका."

आईनं धाकटीकडे बघितलं, मग मधलीकडे, आणि मग ती हळूहळू खाली बसली.

मधली धाकटीच्या समोर आली. "तुला कसं कळलं गं शिक्रा आलाय ते?"

"शिक्रा कुठं बघितला मी?" धाकटी तिच्या त्या भोंग्यासारख्या आवाजात म्हणाली. "तुझा गळा थांबला. हा इथं, चोचीखाली हलतो ना, तो. तो थांबला, आणि दादा तर मधोमध उभा."

"आणि आवाज? गुणगुण?"

"गुणगुण म्हणजे तेच ना? गळा हलतो ते?"

"घरट्यापासूनच," आत्या पुटपुटली. "पोर घरट्यापासूनच अशी आहे. आणि आपण..."

"मी हिला किती टोचलंय," आई म्हणाली. "किती वेळा टोचलंय, ऐकत नाहीस म्हणून." ती धाकटीजवळ गेली आणि तिच्या मानेची पिसं विंचरायला लागली. विंचरता विंचरता तिला रडू फुटलं. धाकटीला त्या लाडाचं कारण कळेना. पण मिळतायत ते लाड सोडायला ती काही वेडी नव्हती. तिनं मान पुढे केली.

"मला एक कळायचंच नाही," आईच्या पंखाआडून ती दादाला म्हणाली. "तुम्ही सगळे मान खाली घालून एवढं कसं काय खाता? वर बघतच नाही. मला नाही बाई जमत."

दादा हसला नाही. घाईत झुडपात येतानाही त्यानं एक अळी आणली होती आणि पायाखाली दाबून ठेवली होती. त्यानं ती चोचीत धरून पुढे केली. या घरात दादानं कुणाला अळी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. धाकटीनं ती खाली ठेवायची वाटसुद्धा पाहिली नाही.

काका अजून वरच्या फांदीवर होते. तिथून खाली यायचं म्हणजे बऱ्याच गोष्टींवरून खाली यायचं होतं. "मी तिकडे बागेत बोलून ठेवलंय," ते शेवटी म्हणाले. "त्यांना आता काय सांगू?"

"सांगा, आमच्याकडे जास्तीचं कुणी नाही," आई म्हणाली. डोळे ओले होते, पण आवाज असा होता की काकांनी घसासुद्धा साफ केला नाही.

"ते सगळं ठीक," आत्या म्हणाली. "पण ही नवी करवत उद्याही चालणार. गुणगुण ऐकूच येणार नसेल तर आपण खायचं कसं? जन्मभर झुडपात बसून राहायचं?"

सगळ्यांनी पुन्हा मधलीकडे बघितलं. पहारा तिचा होता, तिच्या एकटीचा. तासाभरापूर्वी कुणी त्या शेंड्यावर पाय ठेवायचं नाव काढलं असतं, तर तिनं त्याचे डोळे ओरबाडले असते.

"माझ्या समोरच्या फांदीवर धाकटी बसेल," मधली म्हणाली. "मी चारी बाजूंना बघेन, ती माझ्या गळ्याकडे बघेल. गळा हलतोय तोवर तिनं 'आहे, आहे' म्हणत राहायचं. तिचा आवाज त्या करवतीच्याही वर जातो. काकांना माहीत आहे."

"माहीत आहे," काकांनी शेपटीकडे बघत कबूल केलं.

"दोघींनी पहारा?" आत्या म्हणाली. "आपल्या घराण्यात कधी झालं नाही."

"आपल्या घराण्यात असली करवत कधी होती?"

आत्यानं यावर थोडा विचार केला. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली, आणि आत्याच्या तोंडून हे शब्दही त्या झुडपानं पहिल्यांदाच ऐकले असावेत.

करवत पुन्हा चालू झाली. मधलीनं धाकटीला समोर घेऊन सगळं एकदा सांगितलं. आता ती तिच्याशी बोलताना मान वर करत होती, गळा दिसेल अशी. दोघी वर गेल्या. मधली शेंड्यावर बसली, धाकटी समोरच्या फांदीवर. दोघींमध्ये पंखभर अंतर होतं. खाली झुडपातून चार चोची बाहेर आल्या होत्या, आवाजाची वाट बघत.

मधलीनं लगेच सुरुवात केली नाही. आधी तिनं आकाश नीट न्याहाळलं. करवत एवढी किंचाळत होती की तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. जे बोलायचं होतं ते अशाच वेळी बोलता येणार होतं. नंतर हिंमत झाली नसती.

"धाकटे," ती म्हणाली, "तुला बागेत सोडायचं ठरत होतं ते माझ्यामुळे. काल नळावर मीच काकांना म्हणाले, एक तर ती राहील, नाहीतर मी."

धाकटी तिच्या गळ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यात काही बदल झाला नाही.

"कळलं का मी काय म्हणाले ते?"

"ते कालच कळलं होतं," धाकटी म्हणाली. "मी पत्र्यावर होते ना, तुझ्या समोरच. तू बोलत होतीस ते सगळं दिसत होतं."

मधलीच्या नख्या फांदीत रुतल्या. काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंतचा एकेक क्षण तिच्या डोळ्यांसमोरून गेला. रात्री धाकटी तिच्याच पंखाला पंख लावून झोपली होती.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं. "माहीत असूनही आज सगळा वेळ तू माझ्याकडेच बघत होतीस?"

"मग कुणाकडे बघणार?" धाकटी म्हणाली. "पहाऱ्यावर तूच होतीस ना."

मधलीनं मान वर करून गळा धाकटीच्या बाजूला धरला आणि गुणगुणायला सुरुवात केली.